कर्नाळ्यावरची तबकडी आणि एक सही

पनवेलला कोणी फिरायला जात नाही, पनवेलवरून जातात. गोव्याला, अलिबागला, गणपतीत कोकणात जाताना पनवेल लागतं. तिथे गाडी थांबवायची, चहा प्यायचा आणि पुढे निघायचं. मी मात्र या जानेवारीत साताऱ्याहून खास पनवेलला गेले, एक रात्र मुक्काम केला, दोन दिवस भटकले, आणि हे सगळं बाबांच्या हट्टापायी.

हट्ट काय, तर एक सही आणायची. माझे बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. एकेकाळी ते पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. मी तिसरीत असताना त्यांनी शिरढोणहून कर्नाळा किल्ल्याचा एक काळापांढरा फोटो काढला. त्यात किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका आहे, आणि सुळक्याच्या डाव्या अंगाला आकाशात एक उडती तबकडी आहे. थट्टा नाही करत. लांबट, चकाकत्या कडेची, वर उजेडाचा घुमट, आणि खाली ओळीने तीन ठिपके, ज्यांना बाबा आजही खिडक्या म्हणतात. फोटो काढताना बाबांना ती दिसली नव्हती, हे ते पहिल्या दिवसापासून सांगत आलेत. समोर नुसता सुळका होता, त्यांनी खटका दाबला, आणि रोल धुऊन आला तेव्हा तबकडी होती. एखाद्या लबाड माणसाने निदान 'मी डोळ्यांनी पाहिली' असं तरी सांगितलं असतं. बाबांना तेवढंही जमलं नाही.

फोटो गावच्या साप्ताहिकात छापून आला आणि आठवडाभर बाबा पनवेलमधले सगळ्यांत मोठे गृहस्थ झाले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका वर्तमानपत्रात आलं की ही स्टुडिओची करामत आहे. स्टुडिओ हमीदचाचांचा. चाचा बाबांचे जिवलग दोस्त, शाळा सुटली की बाबांचा मुक्काम त्यांच्या दुकानातल्या बाकड्यावर. लग्नाच्या अल्बमात नवरीला कमळात बसवायचं, नवरदेवाच्या तळहातावर तिला उभी करायची, याला तेव्हा मिक्सिंग म्हणायचे, आणि त्यात चाचांचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्याला एवढं येतं त्याला डोंगरावर एक बशी चिकटवायला कितीसा वेळ, असं लोक म्हणू लागले. बातमीदाराने बाबांना विचारलं, स्टुडिओत काही केलं असेल का? बाबांनी सांगितलं, "स्टुडिओवाल्यांबद्दल मी काही सांगू शकत नाही." ते तसंच्या तसं छापून आलं.

त्या संध्याकाळी चाचा आमच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, फोटोत काहीतरी गडबड आहे, निगेटिव्ह एकदा परत दे, मी नीट बघतो. बाबांनी दिली नाही. बाबांना वाटलं, हाही आपल्याला खोटा ठरवायला निघाला. चाचांना वाटलं, ज्याच्यासाठी मी गिऱ्हाइकांशी भांडलो त्याने माझ्या बाजूने एक वाक्य बोलू नये. त्यानंतर दोघं कधी बोलले नाहीत. दोन वर्षांनी आई गेली, बाबा मला घेऊन साताऱ्याला आत्याजवळ आले, आणि पनवेल सुटलं ते सुटलंच.

आता मध्येच हे कुठून उपटलं, तर एका व्हिडिओ चॅनेलवाल्यांना तो फोटो सापडला. तबकड्यांचे जुने फोटो, खरे की बनावट, अशी त्यांची मालिका आहे. त्यांनी बाबांना फोनवर सांगितलं की रोल धुणारा माणूस हयात असेल आणि त्याने लिहून दिलं तर तुमची बाजू भक्कम होईल. बाबांनी त्याच दुपारी फुलस्केप कागदावर मजकूर तयार केला: 'सदर निगेटिव्ह माझ्या स्टुडिओत धुतली गेली असून तीत कोणताही फेरफार करण्यात आलेला नाही.' खाली सहीसाठी ठिपक्यांची ओळ. "हमीद देईल सही," म्हणाले. तुम्ही दिली होती का त्याची ग्वाही, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. शहात्तराव्या वर्षी माणसाला काय काय ऐकवायचं याला काही मर्यादा असते.

गुडघ्यांमुळे बाबांचा प्रवास सध्या पलंग ते गच्ची एवढाच. गच्चीवर ते रोज संध्याकाळी जातात आणि अंधार पडेपर्यंत वर बघत बसतात. आई गेल्यापासूनची ही सवय आहे. जे एकदा आलं ते पुन्हा येऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पनवेलला मी जायचं ठरलं. माझं विचाराल तर मला सही नको होती. शाळेत मी 'तबकडी मास्तरची मुलगी' होते. बाबांनी लोकांना फसवलं, की चाचांनी बाबांना, हा प्रश्न मी चौतीस वर्षं पोटात घेऊन फिरतेय. दोघांपैकी एकजण खोटा होता, आणि मला दोघंही आवडायचे.

सकाळी सहाची एसटी पकडली. खंबाटकी, मग पुण्याला वळसा, मग द्रुतगती मार्ग. खंडाळ्याच्या घाटात एक टेम्पो आडवा झाला होता म्हणून अर्धा तास गेला, नाहीतर पाच तासांत पोचायला हरकत नाही. एक लक्षात ठेवा: मुंबईकडे जाणाऱ्या काही गाड्या पनवेल स्थानकात शिरत नाहीत, कळंबोलीला रस्त्यावरच उतरवतात. चढण्यापूर्वी कंडक्टरला विचारून घ्या. मी पनवेलची माहेरवाशीण असल्याच्या तोऱ्यात विचारलं नाही, आणि बॅग घेऊन कळंबोलीच्या उड्डाणपुलाखाली उभी राहिले. रोडपालीकडून आलेल्या एका रिक्षावाल्याने मला पनवेलला सोडलं आणि वाटेत, मी विचारलेलं नसताना, कोणत्या सेक्टरात फ्लॅट घ्यावा हेही सांगितलं.

स्थानकाजवळच्या लॉजमध्ये हजाराच्या आतबाहेर स्वच्छ खोली मिळते. गरम पाणी सकाळी नऊपर्यंतच. बॅग टाकली आणि आमचं घर शोधायला तळ्याकडे गेले. घर नव्हतंच. तिथे सात मजली इमारत आहे आणि खाली केक मिळतात. मला वाईट वाटायला हवं होतं, पण भाड्याच्या दोन खोल्यांसाठी किती वाईट वाटून घेणार? वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तळ्याच्या कठड्याशी उभी राहून आई इथून कशी चालायची हे आठवायला लागले, आणि चाल आठवेना. हातातली पिशवी आठवली, पिशवीचा रंग आठवला, आई नाही.

चाचांच्या स्टुडिओच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. दुकानदार मारवाडी, पण शुद्ध पनवेलकर. त्याने सांगितलं की चाचा खूप वर्षांपूर्वी दुकान विकून उरणजवळ मोऱ्याला मुलीकडे राहायला गेले, आणि दर ईदेला आठवणीने शिरखुर्मा पाठवतात. नंबरही त्यानेच दिला. फोन लावला तर पलीकडून त्यांची मुलगी बोलली. मी नाव सांगितल्यावर तिने फोनवर हात ठेवून कोणाला तरी काही विचारलं, आणि मग म्हणाली, उद्या जेवायलाच या.

दुपार हाताशी होती म्हणून शिरढोण गाठलं. पनवेलहून पळस्पे फाटा, तिथून गोवा रस्त्याने जेमतेम वीस मिनिटं. लोक इथे क्रांतिकारकाचं जन्मगाव म्हणून येतात, स्मारक बघतात, आणि खरंच बघण्यासारखं आहे. मी मात्र गावाबाहेरच्या बांधावर उभी राहून हातातला फोटो समोरच्या डोंगराशी जुळवत होते. सुळका तोच. धुरकट संध्याकाळही तीच असावी. आता नवा विमानतळ झाल्यामुळे मिनिटामिनिटाला एक विमान खाली उतरतं, आणि प्रत्येक विमानाकडे मी उगाच मान वर करून बघत होते.

रस्त्याच्या कडेला एक आजीबाई वालाच्या शेंगा विकत होत्या. पोपटीचे, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून खायचे दिवस, त्यामुळे शेंगांना भाव. त्यांनी माझ्या हातातला फोटो पाहिला आणि ओळखला.

"सबनीस मास्तरची तबकडी ना ही? आमी महिनाभर सांजचे इथं येऊन बसायचो. माझ्या सासऱ्यानं पाह्यली होती."

"खरंच दिसली होती त्यांना?"

"नाय गं बाय. पन सगल्यांनाच दिसली म्हटल्यावर त्यांना बी दिसली." मग शेंगा निवडता निवडता म्हणाल्या, "कोन येनार म्हटलं का बरं वाटतं मान्साला."

मी मास्तरची मुलगी हे सांगितल्यावर त्यांनी शेंगांचे पैसे घेतले नाहीत आणि वर विचारलं, मास्तर हाय ना? मी हाय म्हटलं. रात्री लॉजवर त्या शेंगांचं काय करायचं हे न कळल्यामुळे त्या साताऱ्यापर्यंत आल्या. जेवणासाठी स्थानकासमोर साधी शाकाहारी थाळी मिळते, वरण उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेल-उरण बस घेतली. तास-सव्वा तास लागतो, पण कंटेनरचे ट्रेलर आडवे आले तर वेळेचा हिशोब सोडून द्यायचा. खिडकीची जागा मिळाली तर डावी-उजवी दोन्हीकडे खारफुटी आणि मध्ये मध्ये मिठागरं दिसतात. उरणहून मोऱ्याला रिक्षा. मोरा म्हणजे धक्का, कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेलं सुकट आणि मुंबईला जाणाऱ्या लाँचा. लाँचने जायचं असेल तर आधी भरती-ओहोटी विचारा, ओहोटीला चिखलामुळे खोळंबा होतो.

चाचांचं घर धक्क्यापासून चार मिनिटांवर, निळ्या दाराचं. ते ओसरीतच खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांना ते उंच होते. आता खांदे उतरलेले, दाढी पांढरी, चष्मा जाड. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मंजू ना? फुलबाजीला घाबरणारी?" मी मान हलवली.

कामाचं बोलायला त्यांनी जेवण होईपर्यंत दिलं नाही. त्यांच्या मुलीने तांदळाची भाकरी आणि मांदेलीचं कालवण वाढलं. असं कालवण पैसे देऊन कुठे मिळत नाही, त्यामुळे पत्ता विचारू नका. जेवताना चाचांनी साताऱ्याची थंडी विचारली, माझी नोकरी विचारली, आत्या विचारली. बाबांचं नाव काढलं नाही. हात धुऊन झाल्यावर मी तो फुलस्केप कागद पुढे केला.

त्यांनी तो दोनदा वाचला. अक्षरावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"म्हणाले, हमीद देईल सही."

चाचांनी कागद मला परत दिला. "एवढा भरवसा होता," ते म्हणाले, "तर तेव्हा बोलायचं होतं ना, बेटा. एक लफ्ज बस होता."

मला बाबांच्या वतीने माफी मागावीशी वाटली, पण ती माझी नव्हती. मी पर्समधून पाकीट काढलं. बाबांनी निगेटिव्हची पट्टी सोबत दिली होती, हमीदला खात्री करून घ्यायची असेल तर, असं म्हणून. चौतीस वर्षांत त्यांनी ती पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती दिली होती. चाचा ती बघून ताठ बसले. मुलीला भिंग आणायला सांगितलं, पट्टी फक्त कडांनी धरली, खिडकीतल्या उजेडासमोर नेली.

आधी त्यांनी तबकडीकडे पाहिलंच नाही. तिच्या अलीकडचे फोटो वाचले. हो, वाचलेच म्हणायला हवं, कारण निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, आपल्याला भुतं दिसतात, त्यांना माणसं दिसत होती. "ही तू. फुलबाजी. ही रांगोळी. हा पाट. म्हणजे दिवाळी. अर्धा रोल होता तर."

मग त्यांनी मला समजावलं. बाबांकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता, दुकानात जो मोकळा असेल तो ते घेऊन जायचे. रोल मात्र स्वतःचा. दिवाळीत रोल अर्धाच संपला आणि कॅमेरा लग्नाच्या कामाला परत हवा होता. तेव्हा लोक काय करायचे, तर अर्धा रोल मागे गुंडाळून काढून ठेवायचे. पुढे दुसऱ्या कॅमेऱ्यात घातला की लेन्सला टोपी लावून, जेवढे फोटो झालेत तेवढे खटके रिकामे मारायचे आणि वर दोन जादा, म्हणजे जुन्यावर नवा चढत नाही. चाचा सगळ्या गिऱ्हाइकांना बजावून सांगायचे, दोन जागा सोडा. आणि सगळी गिऱ्हाइकं म्हणायची, दोन फोटो फुकट का घालवायचे?

"सबनीसने सोडल्या नाहीत," चाचा म्हणाले. "उलट एक कमी मोजला." त्यांनी भिंग तबकडीवर आणलं. "बघ. दिवाळीतला शेवटचा फोटो. फ्लॅश पेटला नसणार. तो म्हणाला असेल, फोटो आलाच नाही, ती जागा कोरीच आहे, वापरून टाकू. कोरी नव्हती. अंधारातही जे जळत होतं ते आलं."

मी भिंगातून पाहिलं आणि मला काही कळलं नाही. चाचांनी शांतपणे बोट ठेवून सांगितलं. घुमट म्हणजे निरांजनाची ज्योत. चकाकती कड म्हणजे तिरकं धरलेलं ताट. तीन खिडक्या म्हणजे सुपारी, अंगठी आणि कुंकवाची कोयरी, उजेड लागून चमकलेल्या. पाडव्याचं ओवाळणं होतं ते. दोन महिन्यांनी त्यावर कर्नाळ्याचं आकाश बसलं.

"तुझ्या बापाने खोटं केलं नाही. मीही नाही," चाचा म्हणाले. "आणि आसमानातूनही कोणी आलं नव्हतं."

मला हसू आलं. खरंच आलं. दोन मोठी माणसं चौतीस वर्षं एकमेकांना खोटं समजत राहिली, आणि सगळ्याचं मूळ एका विज्ञानशिक्षकाची काटकसर. मी हे म्हणणार तेवढ्यात चाचांनी हात वर केला. पट्टी त्यांनी पुन्हा डोळ्यांशी नेली होती आणि या वेळी तबकडीच्या फोटोच्या अगदी डाव्या कडेला बघत होते. दोन्ही कॅमेऱ्यांची चौकट तंतोतंत एकावर एक बसली नव्हती. डाव्या बाजूला दिवाळीच्या फोटोची नखाएवढी पट्टी उघडी राहिली होती, जिच्यावर आकाश चढलंच नाही. छापताना ती चौकटीबाहेर जाते, त्यामुळे कोणत्याच प्रतीत आलेली नाही. बाबांनी भिंगाखाली हजारदा तबकडी पाहिली असेल, त्या कडेकडे कशाला बघतील?

चाचांनी पट्टी माझ्याकडे दिली नाही. आधी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वहिनी आहे."

मी मोबाईलने त्या कडेचा फोटो घेतला आणि रंग उलटे केले. आता मोबाईलवर हे कोणालाही करता येतं. पडद्यावर अर्धा चेहरा आला, खालून ज्योतीचा उजेड पडलेला. एक गाल, हनुवटी, मंगळसूत्राची एक वाटी, आणि ताटाच्या काठावर अंगठा. डोळा अंधारात आहे. पण ओठाचं टोक वर गेलंय. ती हसतेय. पाटावर बसल्या बसल्या कॅमेरा रोखणाऱ्या नवऱ्याला हसतेय.

आमच्याकडे आईचे चार फोटो आहेत. लग्नातले दोन, त्यात ती घाबरलेली. एक बारशातला, त्यात मान खाली. एक किहीमच्या समुद्रावर, त्यात ऊन डोळ्यांत. हसताना एकही नाही. माझी आई हसायची का, हे मी बाबांना कधी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटायची. मी चाचांच्या ओसरीत बसून रडले. त्यांची मुलगी पाणी घेऊन आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

निघताना चाचांनी कागद मागितला आणि सही केली. मी म्हटलं, आता कशाला? ते म्हणाले, यात लिहिलंय ते खरंच आहे, मी फेरफार केला नाही, एवढंच तर विचारलंय. मग पेन खिशाला लावत म्हणाले, "त्याला सही हवी असेल तर सही दे. बाकीचं सांगायचं की नाही ते तू बघ. तबकडी गेली तर त्याच्याकडे काय राहील, हेही बघ."

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. पनवेल स्थानकातूनच थेट गाडी मिळाली, घाटात वाहनांची रांग नव्हती, जेवायला गाडी थांबली तिथे मी उतरले नाही. एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला रोज संध्याकाळी गच्चीवर वर बघणारे बाबा. त्यांच्या आयुष्यात एकदाच काही आलं होतं, आणि ते आलं नव्हतं हे मी सांगायचं. सही देऊन गप्प बसणं सोपं होतं, कोणी विचारलंही नसतं. पण मग ती हसणारी आई एकट्या माझी राहिली असती, आणि ती हसत होती बाबांकडे बघून.

घरी पोचले तर बाबा जागेच. आधी कागद मागितला. सही बघून त्यांचा चेहरा इतका उजळला की मला पुढचं बोलवेना. "बघ, म्हटलं होतं ना, हमीद देईल," असं दोनदा म्हणाले. मी चहा ठेवला, चहा झाला, आणि मग सगळं सांगितलं. शेवटी मोबाईल त्यांच्या हातात दिला.

विज्ञान शिकवलेला माणूस, त्यांना दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही. पडद्याकडे बघत म्हणाले, "फ्लॅश पेटला नव्हता. मी म्हटलं, पुन्हा एकदा ओवाळ. ती म्हणाली, उगाच काय, एकदाच असतं." मोबाईल डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "वाया गेला म्हणून मी तो मोजलाच नाही."

आणि मग अगदी हळू, "म्हणजे कोणी आलंच नव्हतं."

मला याच वाक्याची भीती वाटत होती. मी त्यांचा हात धरला. बाबा रडले. आई गेली तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाचंही बहुधा त्यातच होतं. मग डोळे पुसून त्यांनी चाचांचा नंबर मागितला. उद्या सकाळी करा म्हटलं तर ऐकेनात. पलीकडून चाचांनीच फोन उचलला, म्हणजे तेही जागेच होते. "हमीद, मी बोलतोय," एवढं म्हणून बाबा थांबले. मी खोलीबाहेर आले. आतून बाबांचा आवाज आला, "चूक माझी होती. फोटोतलीपण, आणि ती दुसरीपण."

या प्रवासातून काय उरलं, असं विचाराल तर एक सांगते. बाबा अजूनही संध्याकाळी गच्चीवर जातात. मी एकदा भीतभीत विचारलं, आता काय बघता? म्हणाले, सवय आहे, आणि हवा बरी असते. भिंतीवरचा तबकडीचा फोटो मी उतरवायला गेले तर रागावले. राहू दे तिथे, म्हणाले, ताट तिच्याच हातात आहे.

मागच्या आठवड्यात चॅनेलवाल्यांचा फोन आला. सही मिळाली का, निगेटिव्ह कधी पाठवता, आणि आता शेवटचं सांगा, फोटो खरा की बनावट? मी शेजारीच होते. बाबांनी एवढंच सांगितलं, "फोटो खरा आहे, पण तो घरातला आहे. बायकोचा. बाहेर द्यायचा नाही." म्हणून या लेखात तुम्हाला मोऱ्याचा धक्का दिसेल, शिरढोणचा बांध दिसेल, कर्नाळ्याचा सुळका दिसेल. तो फोटो नाही दिसणार.